पंचवीस हजारांची भिशी आणि मांडवीवरचं टेबल

पत्र भांडुपहून आलंय. लांबलचक होतं, कामापुरतं देते.

«मावशी, वय ३२, नोकरी बरी आहे. तीन वर्षं ऑनलाइन पोकर खेळलो. त्यात थोडं इकडे-तिकडे झालं, पण खेळ येतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये कायद्याने ते बंद झालं. आता पणजीला मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर पोकरची स्पर्धा आहे, बाय-इन (प्रवेशाचे पैसे) ३५,०००, एकदा री-एंट्री (बाद झालं तर पुन्हा पैसे भरून बसणं) चालते. माझे १०,००० आहेत. बाकीचे २५,००० बिल्डिंगमधल्या पाच मित्रांनी ५,०००-५,००० करून जमवलेत, जिंकलो तर हिश्शाने वाटायचं ठरलंय. बायकोला सगळं माहीत आहे, तिची हरकत नाही. आई म्हणते, 'आपल्या घरात जुगारी नकोत.' प्रत्यक्ष टेबलावर मी कधीच बसलेलो नाही. तयारी काय करू? समोरच्याचा चेहरा कसा वाचायचा? आणि आईला काय सांगू?»

चेहऱ्याचं आधी उरकते, कारण तुला वाटतं तेवढं त्यात काही नाही. काळा चष्मा नेऊ नकोस, त्या उजेडात स्वतःचेच पत्ते नीट दिसत नाहीत. समोरच्याचा हात थरथरला म्हणजे तो थाप मारतोय, असं धरून तर मुळीच चालू नकोस. बहुतेक वेळा उलटं असतं, मोठी पानं लागलेल्या माणसाचाच हात कापतो. एक सवय मात्र लाव. पत्ते वाटले की आपले लगेच बघायचे नाहीत. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे आपापली पानं बघताना काय करतात, तिकडे लक्ष ठेवायचं. कुणी पानं बघितल्याबरोबर नजर चिप्सकडे, म्हणजे पैशांऐवजी मांडतात त्या चकत्यांकडे, टाकतो. कुणी टाकून द्यायच्या तयारीत पत्ते हातातच धरून बसतो. पहिल्या स्पर्धेत एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं.

तुझी फजिती व्हायची ती हाताने आणि तोंडाने होईल. ऑनलाइनमध्ये तुला संगणक सांभाळून घेत होता. पाळी नसताना बटणच यायचं नाही, रक्कम चुकायची नाही, पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, किती झाला ते समोर लिहिलेलं असायचं. इथे ते सगळं तू करायचंस.

माझंच सांगते. बँकेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी पहिल्यांदा अशा स्पर्धेला बसले. पत्ते मला नवे नव्हते. माहेरी मालवणला तीनशे चार, सासरी गिरगावात रमी, आणि गौरी-गणपतीच्या जागरणात जे बसेल ते. तर पहिल्याच तासात मला दोन राजे आले, इस्पीकचा आणि बदामचा. ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच दोघांनी टाकायच्या सक्तीच्या रकमा) २००-४००, पुढच्याने १,००० केलेले. मला ५,००० करायचे होते. मी ऐटीत ५,०००ची एक चिप पुढे सरकवली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, म्हणाला, 'कॉल.' म्हणजे नुसती बरोबरी केलीत. मी म्हटलं, अहो, रेज, वाढवलेत मी! त्याने गोड हसून ४,००० माझ्याकडे परत ढकलले. नियम असा आहे की समोर कुणी रक्कम लावलेली असताना काही न बोलता एकच मोठी चिप टाकली, तर तो कॉल धरतात, मग ती चिप कितीची का असेना. मागून आणखी तिघं स्वस्तात आत आले, फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी उघडतात त्या पहिल्या तीन पानांत, एक्का पडला आणि माझी अर्धी रास गेली. डीलरची चूक काडीची नव्हती.

म्हणून आधी बोल आणि मग चिप्सला हात लाव. 'रेज, पाच हजार.' आपल्या पाळीला तोंडातून गेलेला शब्द बांधील असतो, त्यामुळे जे बोलशील ते विचार करून बोल. चिप्स एकाच हालचालीत पुढे गेल्या पाहिजेत. कॉलपुरत्या ठेवल्या आणि मग 'थांबा, अजून' म्हणत हात पुन्हा राशीकडे नेला, तर रेज मिळत नाही. हिंदी सिनेमातला हिरो करतो तसं 'तुझे हजार, आणि वर माझे पाच हजार' म्हणायला जाशील तर डीलर पहिलं वाक्यच ऐकेल. मोठ्या किमतीच्या चिप्स राशीच्या पुढे, सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या असतात. मागे लपवल्या तर लोक हरकत घेतात, आणि ती रास्तच असते.

पत्ते हातात उचलायचे नाहीत. टेबलावरच तळव्याने झाकून कोपरे वर करून बघायचे, आणि त्यांच्यावर काहीतरी वजन ठेवायचं. डीलरने चुकून तुझे वजन न ठेवलेले पत्ते ओढून घेतले तर तुझा डाव गेला, रडून उपयोग नाही. कुणी नाणं ठेवतं, कुणी गणपती. मी आजीच्या सारीपाटातली कवडी ठेवते. शेवटी पत्ते दाखवायची वेळ आली की दोन्ही सरळ टेबलावर उलटायचे. समोरचा तोंडाने 'फ्लश' म्हणाला म्हणून आपले पत्ते फेकून द्यायचे नाहीत. त्याची पानं डोळ्यांनी बघ, पॉट तुझ्याकडे किंवा त्याच्याकडे सरकू दे, तोवर कवडी हलवू नकोस. बोललेल्यापेक्षा टेबलावर उघडलेली पानं खरी.

भाषेचंही बघ. डाव चालू असताना आयोजकाने ठरवलेल्या भाषेतच बोलायचं, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. शेजारी पुणेकर निघाला तरी मराठीतून पानांची चर्चा करायची नाही. आपली पानं आपणच खेळायची, मागून कुणी सुचवायचं नाही. आणि डावात असताना फोन नको. यातले बहुतेक नियम २००१मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डिरेक्टर्स असोसिएशनच्या नियमावलीतून आलेले आहेत, त्यावर प्रत्येक सभागृह आपली भर घालतं. नोंदणीच्या वेळी त्यांचा कागद मागून घे आणि चहा पिताना वाचून काढ. कुणी वाचत नाही.

तयारी म्हणशील तर क्रॉफर्ड मार्केटातून प्लास्टिकच्या चिप्सचा एक डबा आण. त्याच पाच मित्रांना तीन रात्री गच्चीवर बसव, पैसे अजिबात न लावता. आळीपाळीने एकाने डीलर व्हायचं, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावायचा, गजर झाला की ब्लाइंड वाढवायचे. वीस चिप्सची चळत न मोजता बोटांना कळली पाहिजे. पॉट किती झाला हे मनात धरता आलं पाहिजे. तिसऱ्या रात्री तुला कळेल की हे सगळं किती संथ असतं. नऊ जणांच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन तू चार टेबलं उघडून बसायचास, तेवढे डाव पाच-सात मिनिटांत उडवायचास. इथे तासभर नुसते पत्ते टाकत बसावं लागेल, आणि कंटाळलेला माणूस चौकटची नव्वी आणि किलवरची सत्ती घेऊनही खेळायला जातो. दुपारी वरण-भात जेवून बसू नकोस एवढंच सांगते. आणि स्वेटर ने. मुंबईकर म्हणून हसू नकोस, त्या एसीत माझी बोटं आखडली होती.

आता भिशीकडे येते. मला या पत्रात खरी काळजी तिची वाटली.

'जिंकलो तर वाटून घ्यायचं' म्हणजे नेमकं काय वाटायचं? असं धर की तुला २,००,००० मिळाले. पाचजणांचा प्रत्येकी सातवा हिस्सा, म्हणजे २८,५७१. पाचांचे मिळून साधारण १,४२,८५७. ते आनंदात असतील. पण पत्त्यांच्या बक्षिसावर ३० टक्के कर आहे आणि आयोजक तो आधीच कापून घेतो. तुझ्या खात्यात १,४०,००० येतील. म्हणजे मित्रांचे वाटून झाल्यावर तुझ्याच खिशातून २,८५७ गेले. शिवाय विवरणपत्र भरताना ४ टक्के उपकर, ६०,०००वर २,४००. दोन लाख जिंकून तू पाच हजारांनी खाली, वर तुझे १०,००० बाय-इनमध्ये गेलेले, रेल्वे आणि लॉज वेगळं. या उत्पन्नातून खर्चाची वजावट मिळत नाही. आधीच्या स्पर्धांत हरलेले पैसेही त्यातून वजा होत नाहीत. सगळा कर तुझ्या पॅनवर बसतो, मित्रांच्या नाही.

म्हणून एका कागदावर चार ओळी लिहा आणि सहाजणांनी सह्या करा. हिस्सा कर कापल्यानंतरच्या रकमेचा. प्रवास-लॉज कुणाचं, ते स्पष्ट. री-एंट्री करायची झाली तर ती या भिशीत नाही, किंवा आहे तर किती जणांची. शेवटच्या टेबलावर उरलेल्यांनी बक्षीस आपसांत वाटून घ्यायचं ठरवलं तर निर्णय तुझा एकट्याचा. आणि काहीच मिळालं नाही तर कुणी कुणाला काही देणं लागत नाही, हीदेखील ओळ हवीच. तुम्ही वर्षानुवर्षं एका मंडळात वर्गणी फाडता, तिथे पावती असते ना? मग इथे का लाजायचं?

कागद झाला तरी माझं मत वेगळंच आहे. त्यांचे पैसे घेऊ नकोस.

दुसऱ्या खेपेला माझ्या बाय-इनमध्ये माझ्या नणंदेचा अर्धा हिस्सा होता. दीडशेच्या आसपास लोक होते, बक्षिसं एकवीस जणांना. बावीस उरले तेव्हा सगळी टेबलं एकेक डाव करून थांबवायला लागले, बबल म्हणतात ती वेळ. मला दोन राण्या आल्या आणि माझ्याइतकीच रास असलेला एकजण ऑल-इन, म्हणजे सगळी रास पणाला लावून बसलेला. मी राण्या टाकल्या. का टाकल्या? 'वन्सं, निदान पैसे तरी परत आले' असं मला तिला सांगायचं होतं. पुढच्याच डावात दुसरा कुणीतरी गेला, माझं बक्षीस पक्कं झालं आणि तासाभरात, उरलेल्या तुटपुंज्या राशीवर, मीही गेले. बाय-इन २०,०००, बक्षीस ३४,०००. कर जाऊन २३,३९२ उरले. त्यात लॉज, खाणं, तिकीट. त्या राण्या टाकणं चूक होतं की बरोबर, याचा हिशोब मांडता येतो आणि मी पुढे मांडलाही. तो बाजूला ठेव. मी तो निर्णय पत्ते बघून घेतलाच नव्हता, नणंदेचा चेहरा डोळ्यासमोर आणून घेतला होता. तुझ्या मागे पाच चेहरे असतील आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असेल, त्यावर दर दहा मिनिटांनी 'काय रे, किती झाले?'

तू म्हणशील, मग मनीमेकरचं काय? ही गोष्ट तुम्ही सगळे पोरं पाठ करून बसलेला असता. टेनेसीचा हिशेबनीस, ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून २००३च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये गेला आणि २५ लाख डॉलर जिंकला. खरं आहे, आणि त्यानेही आधी वडिलांना आणि एका मित्राला आपल्यातला हिस्सा दिलेला होता. पण त्या स्पर्धेत ८३९ जण होते. उरलेल्या ८३८ जणांच्या मित्रांनी विमानतळावरून घरी जाताना काय बोलणी केली असतील, ती कुणी लिहून ठेवलेली नाहीत. साधा हिशोब कर. ऑल-इनमध्ये तू दर वेळी ८० टक्के पुढे आहेस असं धर, म्हणजे उत्तम खेळतोयस. असे सहा ऑल-इन ओळीने टिकायची शक्यता २६ टक्के. चांगलं खेळूनही चारातून जवळजवळ तीनदा बाहेर.

त्या गोष्टीतलं उपयोगी काय असेल तर ते ८६ डॉलर. मोठ्या स्पर्धेच्या आठवड्यात बहुधा छोट्या पात्रता फेऱ्या असतात, कमी बाय-इनच्या इतर स्पर्धा असतात. तुझ्या स्वतःच्या १०,०००मध्ये जे बसतं ते खेळ. पहिल्यांदा जाणाऱ्याला ३५,०००चं टेबल आणि १०,०००चं टेबल शिकवतं तेच, फी तेवढी वेगळी. छापलेल्या आकड्यात सगळं धरलंय का, हे मात्र फोन करून विचारून घे. कॅसिनोतल्या जमा रकमेवर ऑक्टोबर २०२३पासून २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झालाय. आयोजक तो स्वतःच्या गणितात बसवतो की तुझ्याकडून वर मागतो, ते तिथे काउंटरवर कळून उपयोग नाही.

आईचं ऐक, म्हणजे निदान ऐकून घे. ती काही अडाणीपणाने बोलत नाहीये. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांचंही एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३मध्ये कौशल्याच्या बाजूने झुकता निर्णय दिला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये त्याला जुगार म्हटलं. ऑनलाइनच्या नव्या कायद्याने तर तो वादच बाजूला ठेवला, पैसे लावले की बंद, कौशल्य असो वा नसो. आपल्या महाराष्ट्राने कॅसिनोसाठी १९७६मध्ये कायदा केला होता, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. म्हणून तर तुला मांडवीपर्यंत जावं लागतंय. आईसमोर हे कोर्टाचे निकाल वाचू नकोस, हरशील. तिला रकमेचा आकडा सांग. 'आई, दहा हजार. त्यापलीकडे एक रुपया नाही. एटीएम कार्ड सूनबाईकडे ठेवून जातोय.' आणि खरंच ठेवून जा. री-एंट्रीचा मोह रात्री अकराला जहाजावर होतो, भांडुपला नाही.

आणि आता ते 'थोडं इकडे-तिकडे'.

तुझ्या पत्रात सगळ्या रकमा आकड्यात आहेत. बाय-इन, तुझे, मित्रांचे, सगळं हजारात. ही एकच शब्दात आहे. मी तीस वर्षं बँकेत बसले रे. कर्जाच्या अर्जात लोक जी रक्कम शब्दात सांगतात तिथे आम्ही पेन्सिलने खूण करायचो. तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं आणि यूपीआयचा इतिहास उघड. त्या ॲपला गेलेले एका बाजूला, आलेले दुसऱ्या बाजूला. एका रविवारचं काम आहे. बेरीज बायकोला दाखव. तिला 'सगळं माहीत आहे' त्यात हाही आकडा आहे का, ते मला पत्रावरून कळलं नाही. गेलेले पैसे या स्पर्धेतून भरून काढायचे, असा विचार मनाच्या कोपऱ्यातसुद्धा असेल तर या वर्षी जाऊ नकोस. बंदी आल्यापासून हात शिवशिवतोय, झोप लागत नाहीये, असं असेल तर केईएम किंवा सायनच्या ओपीडीत मानसोपचार विभाग आहे, तिथे सरळ केसपेपर काढ. यासाठीही माणसं तिथे जातात.

आकडा पचण्यासारखा निघाला तर खुशाल जा. रात्रीची कोकणकन्या तुला ठाण्याहून मिळेल, मडगावपर्यंत जाऊ नकोस, थिवीला किंवा करमळीला उतर, पणजी तिथून जवळ. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोच आणि झोप काढ. आधारसोबत पॅन ने. मधल्या सुट्टीत फोन उघडायच्या आधी पाणी पी. बाहेर पडलास की उठून टेबलावरच्यांना 'गुड लक' म्हणायचं आणि निघायचं, कोणत्या पानाने घात केला ती कहाणी तिथे कुणालाच ऐकायची नसते. ती मला लिही, मला ऐकायला आवडतात.

आजीच्या कवड्या माझ्याकडे अजून सहा आहेत. तुझा तो आकडा आधी कळव, मग एक पाठवते.

— मावशी